३५ टक्के आले कुठून? व्हँकुव्हरच्या ‘इनसाइट’वरचा एक पेपर वाचताना

पीएच.डी.च्या प्रवेशमुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. “तुम्ही वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यात कच्चं काय आहे ते सांगा.” पहिला भाग बहुतेकांना जमतो. दुसऱ्या भागाशी आलो की “सॅम्पल साइज लहान होता” एवढं बोलून गाडी थांबते. सॅम्पल लहान असल्यामुळे नेमकं काय बिघडतं, आणि बिघडूनही पेपर का टिकतो, हे कुणी विचारलं की आपण गाईडच्या चेहऱ्याकडे बघायला लागतो.

म्हणून आज एकच पेपर घेऊन बसू. विषय मुद्दाम असा निवडलाय की त्यावर तुमचं मत पेपर उघडायच्या आधीच तयार असेल. ड्रग्ज टोचून घेणाऱ्या माणसांसाठी सरकारच्या परवानगीने चालणारी खोली असते, तिथे नर्स असते, स्वच्छ सुई मिळते आणि माणूस स्वतः आणलेलं ड्रग तिथे टोचून घेतो. हे वाचून कुणी म्हणेल “हे तर व्यसनाला खतपाणी”, कुणी म्हणेल “याच्याइतकं माणुसकीचं काम नाही”. दोघंही एकही आकडा न बघता बोलतायत. असं मत घेऊन पेपर वाचायला बसलं की आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षातली भोकं दिसत नाहीत, आणि न आवडणाऱ्या निष्कर्षात भोकांशिवाय काहीच दिसत नाही. संशोधन शिकायचं तर ही सवय आधी मोडावी लागते.

आधी केंद्र समजून घ्या

अशा केंद्रांची सुरुवात १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात झाली. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागात मे २००१ मध्ये एक केंद्र उघडलं. उत्तर अमेरिकेतलं पहिलं अधिकृत केंद्र कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये, डाउनटाउन ईस्टसाइड या गरीब वस्तीत, सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झालं. त्याचं नाव इनसाइट.

केंद्र ड्रग देत नाही आणि नर्स इंजेक्शन टोचत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. माणूस आपलं ड्रग घेऊन येतो. त्याला निर्जंतुक सुई-सिरिंज, पाणी, स्वॅब आणि बसायला जागा मिळते. टोचून झालं की तो काही वेळ तिथेच थांबतो. काही बिघडलं तर कर्मचारी हजर असतात. जखमा बघणं, तपासण्या, व्यसनमुक्तीसाठी पुढे पाठवणं, ही कामंही तिथूनच होतात.

आता जीवशास्त्र. हेरॉइनसारख्या ओपिऑइड ड्रगच्या ओव्हरडोसमध्ये माणूस मरतो तो बहुतेक वेळा श्वास थांबल्याने. मेंदूतली श्वास चालवणारी केंद्रं मंदावतात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि काही मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. शेजारी ऑक्सिजन आणि नॅलोक्सोन असलेलं कुणी असेल तर हा मृत्यू टळू शकतो. नॅलोक्सोन त्याच रिसेप्टरवर जाऊन ओपिऑइडला हुसकावून लावतं आणि श्वास परत सुरू होतो. म्हणजे इथे सगळा खेळ मिनिटांचा आहे. बंद खोलीत एकट्याने टोचून घेणारा मरतो, कारण त्या मिनिटांत त्याच्याजवळ कुणीच नसतं.

ही यंत्रणा आधी सांगायचं कारण आहे. एखादा हस्तक्षेप का चालावा याचं साधं, तपासता येणारं स्पष्टीकरण असेल तर कमकुवत आकडेवारीचं वजनही थोडं वाढतं. तसं स्पष्टीकरणच नसेल तर मजबूत दिसणाऱ्या आकड्याकडेही संशयाने बघावं.

पेपर काय म्हणतो

ब्रँडन मार्शल आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. प्रश्न साधा होता: इनसाइट उघडल्यावर आसपासचे ओव्हरडोसचे मृत्यू कमी झाले का?

त्यांनी १ जानेवारी २००१ ते ३१ डिसेंबर २००५ हा काळ घेतला आणि केंद्र उघडण्याआधी व उघडल्यानंतर असे त्याचे दोन भाग केले. मृत्यू कुठे झाला हे कॉरोनरच्या नोंदींवरून ठरवलं. मग शहराचेही दोन भाग केले: केंद्रापासून ५०० मीटरच्या आतला परिसर, आणि उरलेलं शहर.

एकूण मृत्यू २९०. त्यातले ८९ त्या ५०० मीटरच्या आत. आतल्या भागात मृत्युदर दर लाख व्यक्ती-वर्षांमागे २५३.८ वरून १६५.१ वर आला, म्हणजे ३५ टक्के घट. उरलेल्या शहरात ७.६ वरून ६.९ वर, म्हणजे ९.३ टक्के घट. आतल्या घटीची पी-व्हॅल्यू ०.०४८, बाहेरच्या घटीची ०.४९०.

पेपरचा कणा एवढाच. गेली अनेक वर्षं “अशा केंद्रांमुळे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी होतात” हे वाक्य पत्रकं, भाषणं आणि अहवालांमधून फिरतंय, ते इथून आलं. पेपर तसं म्हणत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. तो एका शहरातल्या, एका केंद्राभोवतीच्या ५०० मीटरबद्दल, साधारण सव्वादोन वर्षांच्या काळाबद्दल बोलतोय. “मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी होतात” या वर्तमानकाळी वाक्यात हे सगळं गळून पडतं. लेखक सावध होते. उद्धृत करणाऱ्यांनी सावधपणा वाटेत सांडला. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये दुसऱ्याच्या पेपरमधून उचललेली अशी किती वाक्यं आहेत ते एकदा तपासा.

जमेच्या बाजू आधी

टीका म्हणजे चुका मोजणं नव्हे. या पेपरने तीन गोष्टी नीट केल्या आहेत.

पहिली, ५०० मीटरची मर्यादा आधीच ठरवलेली होती. हे फार महत्त्वाचं आहे. समजा तुम्ही आधी डेटा बघितला, मग ३०० मीटर, ४०० मीटर, ८०० मीटर असं करत बसलात आणि जिथे घट सुंदर दिसते तिथे वर्तुळ काढलंत. मग पी-व्हॅल्यूला काही अर्थच राहत नाही. बाण भिंतीत घुसल्यावर त्याच्याभोवती गोल काढण्यासारखं ते.

दुसरी, तुलनेला उरलेलं शहर घेतलं. नुसतं “आधी आणि नंतर” पुरत नाही. ड्रगचा पुरवठा, शुद्धता, पोलीस, रुग्णवाहिका, यांतलं काहीही त्याच काळात बदललेलं असू शकतं. शहरभर पसरलेला बदल असेल तर तो दोन्हीकडे दिसायला हवा.

तिसरी गोष्ट बहुतेक वाचकांच्या नजरेतून सुटते. “इथे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, तिथे वर, म्हणून दोन भागांत फरक आहे” हा युक्तिवाद चूक आहे. एक निकाल सिग्निफिकंट आणि दुसरा नाही, याचा अर्थ त्या दोघांमधला फरक सिग्निफिकंट आहे असा होत नाही. त्या फरकाची वेगळी चाचणी करावी लागते. लेखकांनी ती केली आणि तिची पी-व्हॅल्यू ०.०४९ आली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. “ट्रीटमेंटमध्ये स्टार आला, कंट्रोलमध्ये नाही आला” असं लिहिलेले कितीतरी थिसिस ग्रंथालयात सापडतील.

आता कच्चे दुवे

०.०४८ आणि ०.०४९. दोन्ही आकडे उंबरठ्यावर उभे आहेत. मृत्यू थोडेसे इकडचे तिकडे झाले असते तरी निकाल ०.०५ च्या पलीकडे गेला असता. हे वाटतं तितकं भयंकर नाही, कारण ०.०५ ही रेघ माणसांनी ओढलेली आहे, ०.०४८ आणि ०.०५२ या दोन पुराव्यांत खरा फरक जवळपास नाही. पण मग “सिद्ध झालं” हा शब्दही वापरता येत नाही.

असं का झालं ते बघा. आत ८९ मृत्यू, तेही दोन काळांत वाटलेले. म्हणजे प्रत्येक बाजूला काही डझन. अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार ढोबळमानाने संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. ३६ मृत्यूंची अपेक्षा असेल तर सहा इकडे-तिकडे सहज होतात. म्हणून ३५ टक्के या आकड्याभोवतीची अनिश्चितता मोठी आहे: खरी घट किरकोळही असू शकते आणि ३५ पेक्षा बरीच जास्तही. “सॅम्पल लहान होता” याचा खरा अर्थ हा. परिणाम नाही असं त्याने ठरत नाही, परिणामाचा आकार आपल्याला धूसर दिसतो एवढंच ठरतं.

दुसरा दुवा दराच्या अपूर्णांकातला. अंश म्हणजे त्या परिसरात झालेले मृत्यू. हर म्हणजे तिथली लोकसंख्या. पण डाउनटाउन ईस्टसाइडमध्ये मरणारा प्रत्येक जण तिथला रहिवासी असेलच असं नाही. बाहेरून येऊन टोचणारेही असतात. म्हणून २५३.८ हा दर त्या वस्तीत राहणाऱ्या माणसाचा धोका म्हणून वाचू नका. मात्र ही गडबड आधीच्या आणि नंतरच्या काळात सारखीच असेल तर घटीच्या टक्केवारीला फारसा धक्का बसत नाही. दोष सापडला की लगेच टाळी वाजवू नका. दोष निष्कर्षाला कुठे लागतो ते आधी विचारा.

तिसरा दुवा सर्वांत गंभीर. पेपर आल्यावर टीकाकारांनी दोन आक्षेप घेतले. एक, २००१ चं वर्ष घेतल्यामुळे आधीच्या काळाचा आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा पुढे आपोआप खाली येतो. दोन, एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे केंद्र उघडण्याच्या काही महिने आधी, व्हँकुव्हर पोलिसांनी याच वस्तीत मोठी मोहीम सुरू केली होती. माणसंच तिथून पांगली असतील तर मृत्यूही पांगले, त्याचं श्रेय केंद्राला कसं?

आक्षेप राजकीय हेतूने आले असतील, नसतील. तिकडे बघू नका. आक्षेप बरोबर असता तर डेटात काय दिसलं असतं, एवढं विचारा.

पहिला आक्षेप: २००१ दोन्ही भागांच्या आधीच्या काळात आहे. त्या वर्षी सगळ्या शहरातच मृत्यू जास्त असते तर नंतरची उतरणही सगळीकडे सारखी दिसली असती. बाहेर ती ९.३ टक्केच आहे. म्हणजे आक्षेप टिकायला २००१ हे वर्ष फक्त त्या ५०० मीटरमध्येच वाईट असायला हवं. अशक्य नाही, पण आता आक्षेपाला जास्त काम करावं लागतंय.

दुसरा आक्षेप: मृत्यू पांगले असतील तर ते कुठेतरी वाढले पाहिजेत. इथे एक साधं गणित करू. ते माझं आहे, पेपरमधलं नव्हे, आणि तुम्हीही कागदावर करून बघा. ५०० मीटरच्या आत ५ वर्षांत ८९ मृत्यू, म्हणजे वर्षाला साधारण १८. दोन्ही काळ मिळून सरासरी दर लाखाला सुमारे २१३ धरला तर त्या परिसरातली लोकसंख्या आठ-साडेआठ हजार निघते. दरातली घट ८८.७. साडेआठ हजारांवर ती लावली की वर्षाला सुमारे सात मृत्यू कमी. आता बाहेर बघा. ५ वर्षांत २०१ मृत्यू, म्हणजे वर्षाला चाळीस. आतले सात मृत्यू टळले नसून नुसते बाहेर गेले असते, तर चाळीसचे सत्तेचाळीस झाले असते, म्हणजे सतरा-अठरा टक्के वाढ. प्रत्यक्षात ९.३ टक्के घट आहे. तेव्हा “पांगले” हे स्पष्टीकरण शहराच्या हद्दीत तरी नीट बसत नाही. माणसं शहराबाहेर गेली असतील तर या डेटाला ते दिसणारच नाही. आक्षेपाची एवढी जागा शिल्लक राहते, आणि ती प्रामाणिकपणे मान्य करायला हवी.

त्याच गणिताचा आणखी एक उपयोग आहे. बाहेर झालेली ९.३ टक्के घट आतही झालीच असती असं धरलं तर २५३.८ चा दर २३०च्या आसपास आला असता. प्रत्यक्षात १६५. फरक ६५, म्हणजे वर्षाला पाच-सहा माणसं. “३५ टक्के” ऐकून डोळ्यापुढे जे चित्र येतं त्यापेक्षा हे लहान वाटतं. मला मात्र हाच आकडा जास्त खरा वाटतो. डझनभर बैठकांची एक खोली, आणि वर्षाला पाच-सहा माणसं जिवंत. पेपर वाचताना टक्क्यांचं रूपांतर माणसांत करायची सवय लावून घ्या. टक्का मोठा दिसतो की लहान, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. माणसं मोजली की ते त्याच्या हातात राहत नाही.

सिडनीने दिलेला धडा

तुलनेचा गट का लागतो हे ज्याला पटत नसेल त्याला सिडनीची गोष्ट सांगा. तिथलं केंद्र मे २००१ मध्ये उघडलं. त्याच्या काही महिने आधी, २००१ च्या सुरुवातीला, ऑस्ट्रेलियात हेरॉइनचा पुरवठाच अचानक आटला. तिकडे त्याला ‘हेरॉइनचा दुष्काळ’ म्हणतात. ओव्हरडोस देशभर कोसळले.

पुढे २०१० मध्ये आलेल्या अभ्यासात रुग्णवाहिकांच्या ओव्हरडोसच्या कॉल्सची मोजणी होती. केंद्राच्या परिसरात ते ६८ टक्क्यांनी कमी झाले होते. हा आकडा एकटा छापला असता तर केवढी बातमी झाली असती! पण न्यू साउथ वेल्स राज्याच्या उरलेल्या भागातही ते ६१ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे बहुतेक घट दुष्काळाची, आणि केंद्राच्या नावावर जास्तीत जास्त त्यावरचा फरक. लेखकांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले, म्हणून हा अभ्यास विश्वासार्ह आहे. वरचा एकच आकडा उचलणारा वाचक मात्र फसला.

एकाच विहिरीचं पाणी

“शंभर पेपर म्हणतात” असं कुणी म्हटलं की लगेच विचारा, शहरं किती? २०१४ मध्ये या विषयावरचा एक व्यवस्थित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ७५ लेख होते आणि निष्कर्ष केंद्रांच्या बाजूने होते: सर्वांत उपेक्षित माणसं तिथे येतात, टोचणं जास्त सुरक्षित होतं, उपचारांपर्यंत पोहोच वाढते, आणि गुन्हे वाढल्याचं दिसत नाही. पण त्याच आढाव्याने हेही नोंदवलं की ८५ टक्के अभ्यास व्हँकुव्हर किंवा सिडनीचे आहेत. म्हणजे घागरी ७५, पण बहुतेक पाणी दोन विहिरींचं. त्याच केंद्रातल्या त्याच माणसांवर दहा पेपर निघाले तर ते दहा स्वतंत्र पुरावे होत नाहीत.

अलीकडे ही स्थिती थोडी सुधारली आहे. टोरंटोवरचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आला. त्यातही केंद्रांच्या आसपासच्या भागात मृत्युदर ठळकपणे घटल्याचं दिसलं. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन केंद्रं उघडली. तिथल्या गुन्ह्यांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२३ च्या अभ्यासात गुन्हे लक्षणीय वाढल्याचं आढळलं नाही. वेगळं शहर, वेगळे संशोधक, वेगळा डेटा. अशा एका अभ्यासाचं वजन जुन्या विहिरीतल्या दहा घागरींपेक्षा जास्त.

आणखी एक प्रकार ओळखायला शिका. इनसाइटवर नियमित येणारी माणसं व्यसनमुक्ती उपचारात लवकर दाखल होतात, असं २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं. छान. पण नियमित येणारा माणूस आणि कधीच न येणारा माणूस सारखे असतात का? ज्याला थोडी तरी स्वतःची काळजी आहे तोच आठवड्याला येत असेल. मग उपचारात जाण्याचं श्रेय केंद्राचं की त्या माणसाच्या तयारीचं? याला निवडीचा पक्षपात म्हणतात. सांख्यिकी समायोजनाने तो कमी होतो, पूर्ण जात नाही. केंद्राच्या बाजूच्या पुराव्यांत हा पुरावा मी मृत्यूंच्या पुराव्याखाली ठेवतो.

विरोधातला पेपर, जो मागे घेतला गेला

२०१८ मध्ये वेल्समधल्या संशोधकांचं एक मेटा-ॲनालिसिस ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ड्रग पॉलिसी’त आलं. निष्कर्ष असा की या केंद्रांचा परिणाम फारसा दिसत नाही. बातम्या झाल्या, विरोधकांना हत्यार मिळालं. त्याच वर्षी पेपर मागे घेण्यात आला. कारण पद्धतीतली चूक: वेगवेगळ्या प्रकारचे परिणाम एकत्र करून एकच मिश्र माप बनवलं होतं.

यात बिघडलं काय? घरातल्या आजीचा ताप, विजेचं बिल आणि दारातला पाऊस यांची सरासरी काढून “घरात विशेष बदल नाही” असं सांगण्यासारखं ते आहे. प्रत्येक मोजमाप आपापल्या जागी खरं असू शकतं. त्यांची सरासरी कशाचंच मोजमाप नसते. एका गोष्टीत मोठा फायदा आणि दुसरीत शून्य बदल असेल तर दोन्ही मिसळून “थोडासा फायदा” निघतो, आणि तो कुठेच अस्तित्वात नसतो.

पेपर मागे घेतल्यावर समर्थक म्हणाले, बघा, विरोधकांचा पुरावा कोसळला. यातही घाई आहे. चुकीचा पेपर मागे घेतला म्हणून उलट निष्कर्ष सिद्ध होत नाही. आपण फक्त त्या पेपरच्या आधीच्या जागी परत येतो.

दोन्ही बाजूंच्या घोषणा

समर्थकांची आवडती ओळ: “सिडनीच्या केंद्रात दहा लाखांहून जास्त वेळा इंजेक्शन घेतली गेली, हजारो ओव्हरडोस हाताळले गेले, आणि एकही मृत्यू झाला नाही.” हे खरं आहे आणि मोठंही आहे. पण हाताळलेला प्रत्येक ओव्हरडोस म्हणजे वाचलेला एक जीव नव्हे. रस्त्यावर होणाऱ्या ओव्हरडोसमधूनही बरीच माणसं वाचतात. किती मेली असती, हाच तर प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर खोलीच्या आतल्या मोजणीतून मिळत नाही. त्यासाठी ५०० मीटरच्या वर्तुळासारखं काहीतरी काढावंच लागतं.

विरोधकांची आवडती ओळ: “इनसाइट असूनही व्हँकुव्हरमध्ये ओव्हरडोसचे मृत्यू प्रचंड वाढले.” हेही खरं आहे. फेंटानिल बाजारात घुसल्यावर ब्रिटिश कोलंबिया प्रांताला एप्रिल २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. पण पूर आला तेव्हा होडी होती, तरी माणसं बुडाली, म्हणून होडी निरुपयोगी असं म्हणता येईल का? विचारायचं ते हे की होडी नसती तर किती बुडाली असती. एका खोलीने सगळ्या प्रांताचा आलेख खाली यावा ही अपेक्षा पेपरने कधीच केली नव्हती.

मग माझं मत काय

इतकं सगळं फोडून झाल्यावर “दोन्ही बाजूंना तथ्य आहे” म्हणून सटकणं सोपं आहे. परीक्षक ते मान्य करत नाहीत, आणि करूही नये.

माझं वाचन असं. ३५ टक्के हा आकडा कच्चा आहे, दिशा पक्की आहे. यंत्रणा स्पष्ट आहे. खोलीच्या आत मृत्यू टळतात यावर वाद नाही. परिसरातले मृत्यू कमी झाल्याचा पुरावा एका शहरात उंबरठ्यावरचा होता, दुसऱ्या शहरात वेगळ्या डेटातून त्याला दुजोरा मिळाला. गुन्हे वाढतात या भीतीला आधार सापडलेला नाही. व्यसन सुटण्याबद्दलचा दावा यात सर्वांत कमकुवत आहे, आणि समर्थक नेमका तोच पुढे करतात, कारण मधल्या माणसाला तो पटतो.

या सगळ्याचं रँडमाइज्ड ट्रायल का नाही, असं कुणी विचारेल. वस्त्यांची चिठ्ठी काढून एकीला केंद्र देणं आणि दुसरीला नाकारणं सोपं नाही, आणि मरणाऱ्या माणसांसमोर ते करावं का हा प्रश्न आहेच. म्हणून आपल्या वाट्याला असे नैसर्गिक प्रयोगच येतात. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०२४ मध्ये कायदा करून शाळा आणि पाळणाघरांपासून २०० मीटरच्या आतली केंद्रं मार्च २०२५ अखेर बंद करायला लावली. हाही एक प्रयोग आहे, फक्त उलट दिशेचा. त्यात कुणाची संमती घेतलेली नाही, आणि निकाल कॉरोनरच्या नोंदींत येईल. आपण ज्याला डेटा म्हणतो तो तिथून येतो.

भारतात अशी मान्यताप्राप्त केंद्रं नाहीत. एम्सच्या मदतीने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात सुमारे साडेआठ लाख माणसं ड्रग्ज टोचून घेतात असा अंदाज होता. नॅकोच्या कार्यक्रमातून सुया-सिरिंज आणि तोंडावाटे द्यायचे पर्यायी ओपिऑइड उपचार दिले जातात. उद्या तुमच्यापैकी कुणी या विषयात काम करायचं ठरवलं तर व्हँकुव्हरचे ३५ टक्के इथे उचलून लावू नका. तिथे दाट वस्ती होती, एकाच ठिकाणी एकवटलेले मृत्यू होते, आणि मृत्यूचं ठिकाण सांगणाऱ्या कॉरोनरच्या नोंदी होत्या. आपल्याकडे यातलं काय आहे आणि काय नाही, इथून सिनॉप्सिस सुरू करा.

आणि कुठलाही पेपर हातात आला की पाच गोष्टी वहीत लिहा. तुलना कुणाशी केली? ती मर्यादा डेटा बघण्याआधी ठरली होती की नंतर? टक्क्यांचे माणसांत किती होतात? त्याच वेळी आणखी काय घडत होतं? आणि हा निष्कर्ष चूक असता तर डेटात काय दिसलं असतं? शेवटच्या प्रश्नाला अर्धं पान लागलं पाहिजे. दोन ओळींत संपला तर पेपर पुन्हा वाचा.